मधलं गाव सोडून

१

सोमवारी सकाळी हिंगणवाडीत सीना लोकवाणी लागली नाही. रेडिओतून नुसती खरखर येत होती. सकाळी जनावरांचे डॉक्टर बोलतात, त्यांच्यासाठी गोठ्यागोठ्यात रेडिओ लावून बसलेल्या लोकांना वाटलं, केंद्रावर लाइट गेली असेल. मंगळवारीही खरखरच. बुधवारी गावातली चार माणसं सोनारीजवळच्या माळावर केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली आणि त्यांनी सरळ नाव घेतलं, शिवांजलीचं.

शिवांजली या केंद्राची तंत्रज्ञ. यंत्रं तिच्याच ताब्यात. रविवारी ती भूमला मामाकडे गेली होती. तिथं तिला बघायला हिंगणवाडीचं स्थळ आलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तिनं नकार कळवला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच गावाचा रेडिओ बंद पडला. लोकांनी दोन गोष्टी एकत्र जोडल्या आणि जोड इतका घट्ट बसला, की तो सुटेना.

"पोरीनं सूड उगवला," असं चहाच्या टपरीवर पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच आठवत नव्हतं. पण केंद्राच्या समितीचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं, आणि मग ते खरंच झालं. शुक्रवारी संध्याकाळी सभा ठरली. शिवांजलीला काढून टाकायचं, एवढाच विषय.

गुरुवारी तिनं अणदूरला महेश्वरी बिराजदार यांना फोन लावला. बाई आयुष्यभर रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रांवर इंजिनिअर होत्या. आता घराच्या ओसरीत गावातल्या मुलांना विज्ञान शिकवायच्या. शिवांजलीनं त्यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतलं होतं.

"बाई, ट्रान्समीटर ठीक आहे. मीटरचा काटा जिथं असायला हवा तिथंच आहे. ताकद पूर्ण जातीय, परत काही येत नाही. मग हिंगणवाडीला आवाज का जात नाही?"

"तू काही केलंस का?"

"नाही."

"उद्या येते. पण एक ध्यानात ठेव. तू केलेलं निघालं, तर सभेत तेही मीच सांगेन."

२

शुक्रवारी सकाळी बाई बार्शीकडून आलेल्या एसटीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा, मोजपट्टी आणि खिशात मावेल एवढा रेडिओ होता. त्यांनी केंद्राचं दार ओलांडलं नाही. आधी मनोऱ्याभोवती एक चक्कर मारली.

मनोरा चौकोनी होता. चारी बाजूंना एकेक अँटेना, पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. मध्यावर एक बंद पेटी. ट्रान्समीटरची ताकद त्या पेटीत यायची, तिचे चार सारखे वाटे व्हायचे आणि चार काळ्या केबलींतून चार अँटेनांकडे जायचे.

पेटीच्या आजूबाजूला बाभळीच्या काटेरी फांद्या तारेनं बांधल्या होत्या. पानं अजून पुरती सुकली नव्हती.

"हे काय हो, बलभीम?" बाईंनी विचारलं. बलभीम केंद्राचा राखणदार. सोनारीचाच.

"पोरं चढत्यात टावरवर. पडली बिडली तर आपल्याच गळ्यात."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या आणि खाली बघितलं. शिडीच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. जिथून पोरं चढतील तिथं एकही काटा नव्हता.

मग त्या रणधीरला म्हणाल्या, "तुझी मोटारसायकल काढ. मला गावं फिरव."

रणधीर निवेदक. रेडिओवर त्याचा आवाज मधासारखा, एरवी तोंड टाचणीसारखं. वाटेत तो गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"शिवांजली हुशार आहे हो बाई, पण डोकं गरम. दिवाळीत माकडांनी पेटीचं झाकण उपटलं, तर हिनं समितीतच सांगितलं, परत असं झालं तर माकडं धरणारी गाडी बोलवा. सोनारीत राहून माकडं धरायची! इथं भैरवनाथाच्या माकडाला कुणी खडा मारत नाही. लग्नातलं पहिलं ताट त्यांचं. ठराव झाला, पण आण्णांनी सही केली ती सगळ्यांच्या शेवटी, चेहरा पाडून."

"ती गेली तर तिच्या जागी कोण येणार?"

रणधीरनं उगाचच हॉर्न वाजवला. "माझा आतेभाऊ आयटीआय झालाय. पण म्हणून काय मी... नाही बाई, तसं नका समजू."

"मी अजून काहीच समजले नाही. रविवारी तू कुठं होतास?"

"केंद्रावरच. दुपारी बलभीमकाका म्हणाले, लाइट गेली, आता सगळं उद्या सकाळीच. म्हटलं बरं झालं, दाढी करून येऊ. गावात सलूनमधे मस्त पंख्याखाली बसलो."

"पंखा चालू होता?"

रणधीरनं गाडी हळू केली. मान वळवून त्यानं बाईंकडं बघितलं. "हो की," तो म्हणाला.

३

मनोऱ्याच्या ईशान्येला हिंगणवाडी. तिथं बाईंच्या खिशातल्या रेडिओनं खरखर केली, म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. मग त्या तशाच पुढं कवठमळ्याला गेल्या. तो बरोबर पूर्वेला. तिथं आवाज घंटेसारखा खणखणीत.

"बघा," रणधीर म्हणाला, "शेजारच्या गावात चोख, आणि यांनाच नाही. नेम धरून केल्यासारखं."

"अजून थोडं पुढं चल."

आग्नेयेला ढगेवस्ती, दहाबारा घरांची. तिथं पोचले आणि रेडिओ पुन्हा खरखरू लागला.

शेळ्यांना पाला घालणाऱ्या एका म्हातारीला बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "सोमवारपस्नं आसंच चाललंय. आमाला वाटलं आमचाच डबा बिघडला. नातवानं बाजारात दुरुस्तीला न्हेला. त्यो म्हनतोय डब्यात कायबी दोष न्हाय, आन् पैसं तर घेतलं."

"तक्रार नाही केली, मावशी?"

"कुणाकडं? आमचं कोन ऐकतंय."

परतताना रणधीर म्हणाला, "हिंगणवाडीवर राग असेल, बाई. पण ढगेवस्तीनं तिचं काय केलंय?"

"तोच प्रश्न मी सभेत विचारणार आहे. पण नुसत्या प्रश्नानं तिची नोकरी वाचत नाही. उत्तर लागेल."

केंद्रावर आण्णासाहेब वाट बघत बसले होते. पांढरा सदरा, कडक इस्त्री. साखर कारखान्याच्या वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले. ऊसतोडीच्या टोळ्यांशी बोलायचे सेट त्यांनी हयातभर सांभाळले होते.

"बाई, तुम्ही मोठ्या केंद्रांवरच्या. पण आम्हीही या धंद्यात केस पांढरे केलेत," ते म्हणाले. "सेट एक, केबल एक, अँटेना एक. मीटर बघायचा. काटा बरोबर तर काम बरोबर. इथं काटा बरोबर आहे. म्हणजे यंत्राचा दोष नाही. मग राहिलं कोण? माणूस."

"शिवांजली."

"मला का आनंद आहे? पोटच्या पोरीसारखी आहे. पण रात्री माणसं नसताना ही काही कळ फिरवत असेल, आम्हाला काय कळतंय."

शिवांजली दारातच उभी होती. "आण्णा, एका गावाचा आवाज बंद करायची कळ असते का? तुम्हीच दाखवा मला."

"तोंड बघा," आण्णासाहेब बाईंना म्हणाले.

बाईंनी जेवण उरकून डब्याचं झाकण लावलं. "शिवांजली, मनोऱ्यावर चढ. पूर्वेची अँटेना काढून टाक."

आण्णासाहेब उठून उभे राहिले. "बाई, दोन गावं आधीच गेलीत. आता तिसरंही घालवता?"

बाईंनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. ढगेवस्तीबद्दल त्या केंद्रावर अजून कुणाशीच बोलल्या नव्हत्या. मग त्यांची नजर रणधीरकडं गेली. तो घाईघाईनं आपला मोबाइल खिशात घालत होता.

"मीच सांगितलं आण्णांना, फोनवर," तो पुटपुटला. "आत्ताच, वाटेत थांबलो तेव्हा."

आण्णासाहेबांवर उठलेला संशय तिथंच खाली बसला.

४

प्रक्षेपण बंद करून शिवांजली वर चढली. पेटीवरून पूर्वेची केबल तिनं सोडवली आणि त्या तोंडाला एक खोटा भार जोडला, म्हणजे अँटेनाच्या वाट्याची ताकद त्यातच जिरून जाईल आणि बाकीच्या तिघींना काही कळणार नाही. खाली येऊन तिनं पुन्हा प्रक्षेपण सुरू केलं. रणधीरनं एक गाणं लावलं.

बाईंनी रणधीरचा फोन घेऊन स्पीकरवर ठेवला. पहिला फोन कवठमळ्याला.

"कमी झाला की आवाज. मघाशी चांगला व्हता. काय चाललंय तुमचं?"

"म्हटलं नव्हतं?" आण्णासाहेब म्हणाले.

दुसरा फोन हिंगणवाडीला, ज्यांच्या मुलाला नकार मिळाला होता त्यांच्याच घरी. बाईंनी मुद्दाम तोच नंबर मागितला होता. मुलाच्या आईनं उचलला.

"ताई, जरा रेडिओ लावता?"

"लावून काय करायचं? खरखर ऐकायची?" आतून पावलांचा, मग बटणाचा आवाज आला. आणि मग फोनमधून, दूरवरून आल्यासारखं, रणधीरनं लावलेलं तेच गाणं ऐकू आलं.

"लागलं बया," आई म्हणाली.

ढगेवस्तीतल्या नातवानंही तेच सांगितलं.

खोलीत सगळे एकमेकांकडं बघत होते. चारातली एक अँटेना काढून टाकली होती. पाठवणारे कमी झाले होते. आणि जिथं शांतता होती तिथं आवाज पोचला होता. रणधीर, शिवांजली, दोघांचेही चेहरे चक्रावलेले. बाईंचं लक्ष मात्र बलभीमकडं होतं. तो फोनकडं बघतच नव्हता. तो आण्णासाहेबांकडं बघत होता.

५

"तुम्ही कधी झोका दिलाय?" बाई म्हणाल्या. ओसरीतल्या मुलांशी बोलावं तशाच त्या सगळ्यांशी बोलत होत्या, सावकाश. "दोघं मिळून झोका देतायत. दोघांनी एकाच वेळी ढकललं तर झोका उंच जातो. पण एकजण ढकलतोय आणि दुसरा नेमका त्याच वेळी मागं ओढतोय, तर?"

"जागेवर थांबतो," रणधीर म्हणाला.

"दोघं थकतात, ताकद दोघांचीही पूर्ण लागते, आणि झोका हलत नाही. हिंगणवाडी ईशान्येला आहे. तिथं उत्तरेची अँटेना आणि पूर्वेची अँटेना, दोघींचा आवाज सारखाच पोचतो. ढगेवस्तीत पूर्वेची आणि दक्षिणेची. दोन्हीकडं पूर्वेची आहेच. ती बाकीच्यांच्या नेमकी उलट चालली होती. मधल्या कवठमळ्यात तिची एकटीचीच सत्ता. तिथं तिला अडवायला कुणी नाही, म्हणून आवाज खणखणीत."

"म्हणजे ती बिघडलेली नाही," शिवांजली हळूच म्हणाली. "बिघडून दुबळी झाली असती तर आधी कवठमळा गेला असता."

"बरोबर. ताकद पुरेपूर आहे. वेळ चुकलीय. आता पूर्वेची केबल खाली आण. आणि पश्चिमेचीही."

दोन्ही केबली अंगणात शेजारीशेजारी पसरल्या. पूर्वेच्या केबलीवर टोकापासून टोकापर्यंत काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बाईंनी मोजपट्टी धरली. दोन्ही पाच मीटर. बोटभराचाही फरक नाही.

शिवांजलीचा चेहरा उतरला. "लांबी सारखीच आहे. मग वेळ का चुकेल?"

आण्णासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

बाईंनी दोन्हींच्या टोकांचे कनेक्टर उघडले आणि आतला पांढरा भाग शिवांजलीपुढं केला. "नख लाव."

पश्चिमेच्या केबलीत नख रुतलं. आत बारीक बुडबुड्यांचा मऊ फेस होता. पूर्वेच्या केबलीवर नख घसरलं. ती मेणबत्तीसारखी भरीव होती.

"दोन माणसं निघाली," बाई म्हणाल्या. "अंतर सारखं. एक डांबरी रस्त्यानं, दुसरा नांगरलेल्या काळ्या रानातून. कोण आधी पोचेल? फेसातून लहर भरभर जाते, भरीव प्लास्टिकमधून रेंगाळत. पाच मीटरमधे ती इतकी मागं पडली, की पुढच्या पावलाऐवजी तिचं मागचं पाऊल पडायला लागलं. मीटरला हे कळत नाही. मीटर फक्त विचारतो, ताकद गेली का. कधी पोचली, हे तो विचारत नाही."

शिवांजली चिकटपट्टी उकलायला लागली. आत केबलीवरची छापील अक्षरं वेगळीच होती. "ही आपली केबलच नाही. कुणीतरी बदललीय."

"रविवारी दुपारी. गावात पंखे चालू होते आणि इथं लाइट गेली होती, तेव्हा."

सगळ्यांच्या माना बलभीमकडं वळल्या. त्यानं डोक्यावरचा गमचा काढला.

"म्याच केलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाचा संबंध न्हाय."

"का केलंत?"

"रविवारी यात्रेकरूंची गर्दी. केळी दिसली की माकडं येडी व्हत्यात. वर चढली, केबल कुरतडली. ही पोरगी गाडी बोलावनार, पिंजऱ्यात घालून न्हेनार त्यांना. भैरवनाथाला काय तोंड दाखवायचं? म्हून बदलली. काटंबी म्याच बांधलं."

"कनेक्टर तुम्ही बसवलात?"

"व्हय."

"मधल्या तारेला झाळ कुठून दिली?"

बलभीमनं केबलीकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. "दिली," तो म्हणाला. "कुठनं म्हंजे... आतनं."

बाईंनी मान हलवली. "बलभीम, चढलात तुम्ही. बांधलीत तुम्ही. पण हे टोक ज्यानं तयार केलं, त्याचा हात या कामात मुरलेला आहे. त्यानं जुन्या केबलीशी माप मिळवून बोटभरही चूक होऊ दिली नाही. बिघडवायला निघालेला माणूस माप घेत नाही. त्याला बिघाड नकोच होता. त्याच्याकडं भरीव केबलीचं जुनं भेंडोळं पडलेलं होतं, वायरलेसच्या कामातलं. आणि त्याच्या हयातीत त्याच्याकडं कायम एकच अँटेना होती, त्यामुळं दुसरीशी पाऊल जुळवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही."

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. आण्णासाहेब खुर्चीत बसले, आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या आतला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

"काटा बरोबर होता, बाई," ते म्हणाले. "मी स्वतः बघितला. काटा बरोबर होता."

६

"मला खरंच वाटलं हिनंच काहीतरी केलं," आण्णासाहेब म्हणाले. "माझी केबल चुकेल हे डोक्यात आलंच नाही. लांबी सारखी, काटा सारखा. अजून काय बघायचं असतं?"

"ते आता तिला विचारा," बाई म्हणाल्या.

शिवांजली अंगणात उकिडवी बसून मातीत काडीनं आकडे मांडत होती. "नवी केबल यायला आठवडा जाईल," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "पण हीच चालेल. लहर यात हळू चालते ना, मग तिची वाट कमी करू. मीटरभरापेक्षा थोडी जास्त कापली की सगळ्यांबरोबर पोचेल. लांबी सारखी नको, वेळ सारखी हवी." तिनं बाईंकडं बघितलं. बाई आकडे बघत होत्या. त्यांनी एक चूक दाखवली, तिनं ती पुसली.

केबल कापली. टोक कोण बसवणार हा प्रश्न आला तेव्हा शिवांजलीनं झाळायची सळई आण्णासाहेबांपुढं धरली.

"तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा लावला आणि काम केलं. ती चढली, पेटीला जोडून आली. केबल आता ताणून बसत होती, पण बसली. दिवस कलायच्या आत तीन फोन झाले. कवठमळ्यात आवाज. हिंगणवाडीत आवाज. ढगेवस्तीतली म्हातारी म्हणाली, "आता दुरुस्तीवाल्याकडनं पैसं माघारी आना म्हनावं."

सभेची वेळ झाली. माळावर माणसं जमली, पण हिंगणवाडीचं कुणी आलं नव्हतं. सभेची घोषणा रेडिओवरच झाली होती आणि रेडिओ त्यांना लागत नव्हता.

"इथल्यांना सांगून काय होणार?" शिवांजली म्हणाली. "नाव तिथं खराब झालंय माझं."

आण्णासाहेबांना काही सांगायची गरजच पडली नाही. ते उठले आणि स्टुडिओत जाऊन माइकसमोर बसले. काचेच्या अलीकडं शिवांजली नेहमीच्या जागी बसली. बोट बटणावर. बाई आणि रणधीर तिच्या मागं उभे.

लाल दिवा लागला.

"नमस्कार. मी आण्णासाहेब बोलतोय, समितीचा अध्यक्ष. हिंगणवाडी आणि ढगेवस्ती या गावांना पाच दिवस आवाज आला नाही, त्याचं कारण मी आहे. माकडांनी केबल तोडली. ती मी लपवली आणि दुसरी घातली. ती चुकीची होती. शिवांजलीचा त्यात काही दोष नव्हता. बिघाड महेश्वरीबाईंनी शोधला आणि तिनं दुरुस्त केला. ती या केंद्रावर राहील. धन्यवाद."

त्यांनी काचेतून खूण केली, बंद कर.

शिवांजलीनं बोट हलवलं नाही. दिवा लालच राहिला. तिनं त्यांच्या कानातल्या हेडफोनमधे हळू आवाजात सांगितलं, "अजून एक राहिलं, आण्णा. ते स्थळाचं."

हवेत नुसती शांतता जात होती. हिंगणवाडीतही तीच शांतता पोचत असणार, अगदी स्वच्छ. आण्णासाहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"आणि लग्नाला नकार दिला म्हणून तिनं गावावर सूड घेतला," ते म्हणाले, "हे चारचौघांत मी बोललो. ते खोटं होतं. नकार द्यायचा तिला हक्क आहे. त्या घराचीही मी माफी मागतो, तुमचं नाव यात विनाकारण आलं."

आता त्यांनी खूण केली नाही. ते वाट बघत बसले.

रणधीरच्या खिशातला फोन वाजला. त्यानं नंबर बघितला आणि तो न बोलताच शिवांजलीपुढं धरला. हिंगणवाडीच्या त्याच घरचा होता. तिनं बाईंकडं एकदा बघितलं, फोन घेतला, आणि दुसऱ्या हातानं लाल दिवा बंद केला.

"हां, बोला काकू," ती म्हणाली. "ऐकू येतंय ना नीट?"